फेसाने राखलेली हंडी

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या हातून एक काचेची हंडी फुटली. तशी ती वाटेत फुटली. पण दोष आमचा, म्हणजे माझाच होता.

आजीच्या माहेरून आलेल्या निळ्या हंड्यांची जोडी आमच्या पुण्याच्या घरात माळ्यावर पडून होती. लेकीने नागपूरला घर घेतले तेव्हा सौ. म्हणाली, “जोडी तिलाच देऊ या. दिवाळीत लावील तरी!” पहिली हंडी मी जुन्या टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलच्या पाट्यांत बसवली, दोरीने करकचून आवळली आणि पार्सलने पाठवली. नागपूरला पोचल्या त्या निळ्या काचा. थर्माकोलवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता! हंडी गोल, पाट्या चौकोनी. मधल्या पोकळीत बिचारी वाटभर आपटत गेली. लेक फोनवर रागावली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते.

दुसरी हंडी माळ्यावरच राहिली. यंदा झाडलोट करताना तिच्याशेजारी आजीची एक टोपली हाती आली. ती होती कागदाच्या लगद्याची.

जुन्या वाचकांना या टोपल्या आठवत असतील. रद्दी तीन-चार दिवस भिजत घालायची, उखळात कुटायची, त्यात भिजवून वाटलेली मेथी कालवायची आणि पालथ्या पातेल्यावर फडके घालून त्यावर तो लगदा थापायचा. उन्हात कडकडीत वाळला की टोपली तयार. मेथी चिकटपणासाठी, आणि तिच्या कडूपणाने कीड लागत नाही, असे आजी म्हणे. ती जाऊन चाळीस वर्षे झाली. टोपली अजून खणखणीत आहे.

यात गोंदापेक्षा मोठे काम कागदच करतो. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची गुंतवळ. पाण्यात हे तंतू सुटे होतात आणि पाणी आटू लागले की पुन्हा एकमेकांना बिलगतात. हेच आजीचे शास्त्र पुढे कारखान्यात गेलेले दिसते. अमेरिकेत मार्टिन कीज यांनी १९०३ साली लगदा साच्यात घालून ताटल्या करण्याचे पेटंट घेतले. आज अंडी ज्या करड्या ट्रेमधून घरी येतात, ते ट्रे याच घराण्यातले.

अंड्यांवरून आठवले. कॅनडात जोसेफ कॉइल नावाचे एक वृत्तपत्रकार होते. फुटलेल्या अंड्यांवरून एक शेतकरी आणि एक हॉटेलवाला भांडत होते. त्या तंट्यावर तोडगा म्हणून कॉइल यांनी १९११ साली कागदाची खणांची पेटी केली. प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खोली! माझ्या हंडीला नेमकी तीच मिळाली नव्हती.

पण एवढ्या मोठ्या काचेला नुसता कडक लगदा पुरणार नव्हता. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, कारण चेंडू जितका सावकाश थांबेल तितका फटका कमी. नाजूक वस्तूभोवतीचे वेष्टणही असेच दबत दबत धक्का सोसणारे हवे. थर्माकोलला हे जमते, कारण त्यात बहुतेक हवाच असते. पण काम संपले तरी तो कुजत नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांना निरोप मिळाला, तो याच कारणाने.

मग वनस्पतीतच हवा कोंडता येईल का? निसर्गाने हे आधीच केले आहे. बंगालच्या दलदलीत शोला नावाचे झुडूप होते. त्याचा पांढरा गाभा इतका हलका, की त्याचे पातळ थर साच्यावर चिकटवून साहेबाची सोला हॅट बनत असे. दुपारच्या उन्हापासून डोके राखायचे आणि ओझे मात्र फुलाचे!

शोला पुण्यात कुठून आणणार? पण लगद्याचा फेस करता येतो. साबणासारखे द्रव्य घालून लगदा घुसळला की तंतू बुडबुड्यांच्या भिंतींत अडकतात. पाणी निथळले, फेस वाळला, की मागे तंतूंची जाळी आणि तिच्यात कोंडलेली हवा उरते. स्वीडनमध्ये २०१५ साली लाकडाच्या तंतूंच्या अशाच फेसापासून सायकलस्वाराचे शिरस्त्राण तयार झाले. डोके राखता येते, तर हंडी का नाही?

मी रिठ्याच्या पाण्यात लगदा मिसळला आणि ताकाची रवी घेऊन बसलो. सौ. दारातून म्हणाली, “अहो, लोणी आलं की हाक मारा!” फेस सुरेख आला, वाट्यांत ओतून उन्हात ठेवला आणि संध्याकाळी पाहतो तो वाटीच्या तळाशी पापड! तंतूंनी एकमेकांना धरण्याआधीच बुडबुडे फुटले होते.

दुसऱ्या खेपेला लगदा घट्ट पिळून घेतला, फेस वेगळा काढला, त्याला मेथीच्या वाटणाने दाटपणा आणला आणि मग हलक्या हाताने दोन्ही एकत्र केले. उन्हाऐवजी पंख्याखाली पाच दिवस वाळवले. या वेळी हाती आल्या त्या टोस्टसारख्या हलक्या, जाळीदार वाट्या. दोन वाट्यांमध्ये अंडे ठेवून, दोऱ्याने बांधून टेबलावरून खाली टाकले. शाबूत! मग माळ्याच्या उंचीवरून टाकले. वाटीचा काठ चेपला, अंड्याला तडाही नाही. तिसरे अंडे सौ.ने काढून घेतले.

हंडीसाठी कुंभाराकडून तिच्याहून किंचित मोठे मडके आणले, कारण फेस सुकताना आकसतो. बुरडाच्या टोपलीत फडके पसरले, तेल लावलेले मडके अर्धे बुडेल असे ठेवले आणि मधल्या जागेत फेस भरला. पाणी टोपलीतून निथळत राहिले. असे दोन अर्धे गोल केले. या मालाला पाण्याचे वावडे, म्हणून बाहेरच्या खोक्याला मेणकापड गुंडाळले.

पार्सल गेल्यावर चार दिवस घरात कोणी हंडीचे नाव काढले नाही. फोन वाजला की सौ. आधी माझ्या तोंडाकडे पाही.

पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. “बाबा, खोक्याचा एक कोपरा पार आत गेलाय. तुमचं ते टरफल तिथे चुरगळलंय.”

“आणि हंडी?”

“देवघरासमोर टांगली. आत्ता दिवा लावलाय.”

सौ.ने फोन माझ्या हातून घेतला आणि पदराने डोळे पुसले. मला हायसे वाटले. चेपायचे ते चेपले आणि राखायचे ते राखले गेले. राखणदाराचे काम आणखी काय असते?

“बरं बाबा,” लेक पुढे म्हणाली, “ते टरफल टाकू का?”

“नको. भिजत घाल.”

काल नातीचा फोन आला. टरफलाचा पुन्हा लगदा झाला आहे. त्याची खापरपणजीसारखी टोपली करायची आहे. मेथी किती घालायची, एवढेच तिला विचारायचे होते.