राब आणि केराची आग

वाशीत एके काळी भातखाचरे आणि मिठागरे होती, हे आता सांगावे लागते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाचरांवर शहर उभे राहिले. त्याआधी या मुलखात उन्हाळ्यात धूर दिसे तो राबाचा. आज दिसतो तो मोकळ्या जागेत पेटवलेल्या पेंढ्यापाल्याचा. तक्रार करणाऱ्याला दोन्ही धूर सारखेच, आणि जाळणारा म्हणतो, ‘आमचे वाडवडीलही जाळीत होते.’ आमच्या मते दोघेही चुकतात.

राबात आगीला काम असते. भाताचे रोप जिथे करायचे तेवढ्याच तुकड्यावर शेण, त्यावर कवळ म्हणजे झाडांचे तोडलेले टहाळे, त्यावर पातेरा नि गवत रचतात आणि वर माती पसरतात. माती अशासाठी, की राख उडू नये आणि आग धुमसत, सावकाश जमीन भाजीत जावी. त्याने तणाचे बी मरते, रोप जोमदार येते. इंग्रज सरकारच्या जंगलखात्याने कवळ तोडण्यावर बंधने घातली, तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष झाला की १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह राबावर १९१२ साली निबंध प्रसिद्ध केला. अडाणी समजली गेलेली रीत पंडितांना प्रयोगशाळेत न्यावी लागली, याचा आम्हांस अंमळ आनंद होतो!

केराच्या आगीला असे काम नसते. जागा मोकळी व्हावी, एवढेच. एक टन भातपेंढ्यात सुमारे साडेपाच किलो नत्र असते. काडी लावली की ते बहुतेक हवेत जाते. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत हाच पेंढा खाचरात गाडतात आणि रोपासाठी तुसाची काळी राख वापरतात. तिथे राबाचीही गरज उरत नाही.

तरीही ज्याला राब भाजायचा आहे, त्याने वाऱ्याशी ओळख ठेवावी. कोकणपट्टीत सकाळी वारा पडलेला असतो. उन्हे चढली की समुद्राकडून सुटतो. काम त्याआधी आटोपावे. वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून पेटवावे, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत हळू सरकते. उलट टोकाकडून पेटवली तर ती पळते, आणि पळत्या आगीला माणूस पुरत नाही. भोवती निदान सहा-सात हात पट्टा मातीपर्यंत साफ करावा. उडवी, गोठा आणि विजेच्या तारा दूर असाव्यात. पाणी भरलेली पिंपे आणि ओली गोणपाटे जवळ हवीत, आणि माणूस एकटा नसावा. प्लास्टिकचा तुकडाही आत जाऊ देऊ नये. राखेखाली विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. पाणी घालून, उकरून पाहिल्याशिवाय घरी जाऊ नये.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. कायदा शिकलो तो नोटिसा वाचून. राखीव जंगलाला धोका होईल अशी आग लावणे वा पेटती सोडणे १९२७ च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. विस्तवाच्या हयगयीने माणसाच्या जिवास धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजार, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. तेव्हा शहरात पेंढापाला पेटवण्याचा प्रश्नच मिटला.

पण पेटवतो कोण? काही वर्षांपूर्वी एका बाजारात आमच्या एका हमाल सभासदाला मुकादमाने सांगितले, ‘गाडी लागायची आहे, तो पेंढा पेटवून दे.’ वारा फिरला, रिकामी खोकी पेटली, त्याचा हात कोपरापर्यंत पोळला. चौकशीत तो तोंडी हुकूम कुणालाच आठवेना! नुकसानीची रक्कम त्याच्या मजुरीतून कापली गेली. ती परत मिळवायला आम्हांला तीन महिने लागले. हाताची बोटे मात्र पूर्वीसारखी मिटत नाहीत. तेव्हापासून आम्ही सभासदांना सांगितले आहे, की जाळायला सांगणाऱ्याकडून लेखी चिठ्ठी मागा. अजून एकानेही चिठ्ठी दिलेली नाही. पेंढा आता गोठ्यात जातो, कुजलेला असला तर खताच्या खड्ड्यात.