स्कॅन झालं, पण सापडणार कसं?

‘जुनी पुस्तकं स्कॅन केली, पीडीएफ नेटवर टाकल्या, झालं डिजिटल ग्रंथालय!’ वाचनालयांच्या वार्षिक सभांपासून इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत हा समज सगळीकडे भेटतो. तो चुकीचा आहे आणि त्यातून नुकसानही होतं. त्याच्यापायी स्कॅनरसाठी पैसे मिळतात, पण नोंदी करणाऱ्या माणसासाठी मिळत नाहीत.

श्रीवर्धनचंच पाहा. बाळाजी विश्वनाथ भट पेशव्यांचं हे गाव. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीवर्धनची माहिती हवी असलेला विद्यार्थी साहजिकच ‘रायगड जिल्हा, जुनं गॅझेटियर’ असं शोधतो. त्यात त्याला किल्ले रायगड सापडतो, हवा तो ग्रंथ सापडत नाही. ग्रंथ मात्र आहे, स्कॅन झालेला आहे, मोफतही आहे. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तो अकरावा खंड, १८८३ चा. त्याचं नाव ‘कुलाबा अँड जंजिरा’. श्रीवर्धन तेव्हा जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या संस्थानात होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि गाव कुलाबा जिल्ह्यात आलं. त्या जिल्ह्याचं रायगड झालं ते १९८१ मध्ये.

एवढा इतिहास आधीच ठाऊक असेल, तर इतिहासाचं पुस्तक शोधायची वेळच कशाला येईल? नीट उभारलेल्या डिजिटल ग्रंथालयात ही जबाबदारी वाचकावर नसते. तिथे त्या खंडाच्या नोंदीत श्रीवर्धन, जंजिरा संस्थान, कुलाबा, रायगड ही सगळी नावं एकमेकांशी जोडलेली असतात. वाचकानं कोणतंही नाव टाकलं, रोमन लिपीत वेगळ्या स्पेलिंगनं टाकलं, तरी तो त्याच पानावर पोहोचतो. ही जोडणी स्कॅनर करत नाही. विषय जाणणारा माणूस प्रत्येक ग्रंथ हातात घेऊन ती करतो.

दुसरा दाखला पेशवे दप्तराचा. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले. शीर्षक सगळ्यांचं एकच. नोंदीत खंडाचा क्रमांक आणि विषय नसेल, तर बाळाजी विश्वनाथांच्या काळातली पत्रं शोधणाऱ्यानं पंचेचाळीस फायली उघडत बसायचं का? ही भीती काल्पनिक वाटत असेल, तर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तून इंटरनेट आर्काइव्हवर गेलेली मराठी पुस्तकं शोधून पाहावीत. लाखो पुस्तकं स्कॅन करणारा तो प्रकल्प खरोखर मोठा होता. पण कित्येक मराठी शीर्षकं रोमन लिपीत, अशा विचित्र वर्णलेखनात टाकली गेली की लेखकाचं नाव तोंडपाठ असलेल्यालाही पुस्तक मिळू नये.

नोंदी कशा कराव्यात याचे संकेत ठरलेले आहेत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डब्लिन या गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ आकाराला आलं. त्यात पंधरा रकाने आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क वगैरे. सगळे एकाच पद्धतीनं रकाने भरत असतील, तर एका ग्रंथालयाचं यंत्र दुसऱ्याच्या नोंदी आपोआप गोळा करू शकतं. २००१ पासून त्यासाठी ओएआय-पीएमएच हा सामायिक करार वापरात आहे. आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी मुख्यतः अशाच गोळा केलेल्या नोंदींवर उभी आहे. तेव्हा ‘सगळी पुस्तकं तिथल्या सर्व्हरवर साठवलेली असतात’ हाही गैरसमजच. ती बहुतेक वेळा वाचकाला मूळ संग्रहाकडे नेऊन सोडते.

‘स्कॅन केलं की आतला शब्दन् शब्द शोधता येतो’ हेही खरं नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. ओसीआरनं त्याचा मजकूर करावा लागतो, आणि जुन्या छपाईतली जोडाक्षरं तिथे हमखास चुकतात. मोडी कागदांची अडचण तर याहून कितीतरी मोठी.

‘नेटवर आहे म्हणजे मुक्त आहे’ हे तर साफ चूक. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची अशी पुस्तकं २०११ पासून खुली झाली. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांसाठी २०६१ उजाडावं लागेल.

‘एकदा डिजिटल केलं की कायमचं सुरक्षित’ असं मानणाऱ्यांनी ब्रिटिश लायब्ररीची गत आठवावी. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर तिची ऑनलाइन सूची जानेवारीपर्यंत बंद होती. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ सोसलेल्या श्रीवर्धनला कागद किती नाजूक हे सांगायला नको. पण कागदासारखीच फाइलचीही एकच प्रत पुरत नाही. प्रती वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या संस्थांकडे असाव्या लागतात.

राहिला शेवटचा समज, ‘आता गावातल्या वाचनालयाची गरज काय?’ शाळेची स्मरणिका, देवस्थानचा अहवाल, चारच अंक निघून बंद पडलेलं हस्तलिखित यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. जुन्या छायाचित्रातली आळी कोणती, कडेला उभी माणसं कोण, हे खरगपूरला बसून कळणार नाही. त्या नोंदी श्रीवर्धनमध्येच व्हायला हव्यात, आणि ते चेहरे ओळखणारी मंडळी गावात आहेत तोवर व्हायला हव्यात.