हळदीचा डाग लाल होतो तेव्हा…

शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय : पदार्थ पूर्ववत करता आला तर बदल भौतिक, नाही आला तर रासायनिक. ही कसोटी स्वयंपाकघरात पहिल्याच फेरीत बाद होते!

कागदाचे कपटे करा. काही केल्या ते पुन्हा अखंड होत नाहीत, पण प्रत्येक कपटा कागदच असतो. बदल भौतिक. आता शर्टावर सांडलेली आमटी घ्या. साबण लागताच हळदीचा पिवळा डाग लाल होतो, कारण साबणातल्या अल्कलीमुळे कर्क्युमिनच्या रेणूतला हायड्रोजन आयन निसटतो. बदल रासायनिक. आणि त्यावर लिंबू पिळलं की डाग पुन्हा पिवळा! उलटवता आला, तरी रासायनिकच. म्हणून खरा प्रश्न एकच : नवा पदार्थ तयार झाला का?

या प्रश्नाची खरी मजा दुधात. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून, म्हणजे लॅक्टोजपासून, लॅक्टिक आम्ल तयार करतात. सामू 4.6च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं. रासायनिक! मग रवी फिरते, लोणी वर येतं. इथे स्निग्धाचे कण फक्त एकमेकांना चिकटले; भौतिक. लोणी कढवताना जी तडतड ऐकू येते ती पाण्याची वाफ होण्याची, तीही भौतिक. तडतड थांबली की तळाची बेरी तांबूस होऊ लागते आणि खमंग वास पार जिन्यापर्यंत जातो. हा वास म्हणजे साखर आणि अमिनो आम्लं यांची अभिक्रिया. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. भाकरीचे डाग, भाजलेल्या रव्याचा रंग, सगळी तिचीच करामत. आणि थंडीत तूप थिजून रवाळ झालं की? पुन्हा भौतिक.

शेगडीचं बटण फिरवलंत की दोन्ही बदल लागोपाठ घडतात : सिलिंडरमधल्या द्रवाचा वायू होतो तो भौतिक, वायू पेटतो तो रासायनिक. चुनकळीवर पाणी ओतलं तर ती फसफसून तापते. कॅल्शियम ऑक्साइडचं हायड्रॉक्साइड झालं, रासायनिक.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण मात्र कल्हईवाल्याचं. तापलेल्या पातेल्याला कथलाची कांडी टेकली की कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, भौतिक. मग चिमूटभर नवसागर पडतो आणि पांढरा धूर उठतो. हेच ते संप्लवन, असं आपण पाठ केलेलं. प्रत्यक्षात नवसागर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो, म्हणूनच कथील धातूला घट्ट धरतं. उरलेले वायू वर जाऊन थंड झाले की एकत्र येतात आणि पुन्हा नवसागर होतो. तोच तो पांढरा धूर! जाताना एक रासायनिक बदल, येताना दुसरा.

शाळेच्या यादीत नवसागराच्या शेजारी बसलेला कापूर मात्र अस्सल संप्लवनाचा. उघड्या डबीत तो रेणू न मोडता हवेत उडून जातो. आरतीच्या तबकात पेटवला, की मग गोष्ट वेगळी.