पट्टा उतरवून बघ

आमचा मामा भिवंडीत जॉबर होता. जॉबर म्हणजे यंत्रमागांचा वैद्य आणि मुकादम, दोन्ही. धोटा अडकला, माग रुसला, की विणकर हाक मारायचा आणि मामा खांद्यावरचं फडकं झटकत यायचा. माग जड चालतोय अशी तक्रार असेल, तर मोटरीकडे ढुंकूनही न बघता तो आधी पट्टा उतरवायचा आणि मागाचं चाक हाताने फिरवायचा. हाताला जड लागलं तर दोष मागात, हलकं लागलं तर पट्ट्यात नाहीतर मोटरीत. दहा सेकंदांत अर्धा कारखाना संशयातून बाद.

मी जुनी फोरव्हील जीप घेतली तेव्हा मामा निवृत्त होऊन पाडा सांभाळत होता. जीपचं स्टेअरिंग इतकं जड, की रांजनोली नाक्यावर गाडी वळवून घेईपर्यंत खांदे भरून यायचे आणि मागचे कंटेनरवाले हॉर्नवर हात ठेवून बसायचे. मी मामाला लक्षणं सांगायला लागलो. त्याने मध्येच तोडलं, "पयली गारी उचल, मंग बोल."

जड स्टेअरिंगचं दुखणं ओळखण्याची निम्मी विद्या त्या पाच शब्दांत आहे. पण ती माझ्या कानात शिरेपर्यंत मी चार महिने आणि बरेच पैसे घालवले होते, म्हणून हा लेख.

आधी या गाड्यांविषयी थोडं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. पुढे सीजे ३बी आली; ती अमेरिकेत बंद पडल्यावरही आपल्याकडे कित्येक वर्षं निघत राहिली. ऐंशीच्या दशकात एमएम ५४० आली, पुजोच्या २११२ सीसी डिझेल इंजिनाची. १९८५मध्ये मारुतीची जिप्सी आली. भिवंडी तालुक्यात या गाड्या अजून भेटतात. वीटभट्टीवर, शेतघरावर, वज्रेश्वरीच्या रस्त्याला, आणि लग्नसराईत हळदीच्या रात्री हूड काढून सजवलेल्या. यांतल्या जुन्या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नाही. १९५१मध्ये क्रायस्लरने अमेरिकेत आपल्या इंपीरियल गाडीला ते दिलं, पण आपल्या जीपांपर्यंत ते पोचायला फार वर्षं गेली. त्यामुळे थोडं जडपण हा या गाड्यांचा स्वभावच आहे. त्यात पेट्रोलचं इंजिन काढून तिथे डिझेलचं धूड बसवलेलं असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना तो हाताला कळतो. तेव्हा पहिला प्रश्न असा: स्टेअरिंग जड *झालंय*, की ते पहिल्यापासून तसंच आहे? गाडी हळू चालत असतानाही जड लागत असेल, वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक सरळ येत नसेल, तर तो स्वभाव नव्हे, दुखणं आहे.

गाडी उचलण्याआधी दोन गोष्टी बसल्या जागी बघून घ्यायच्या. एक, पुढच्या चाकांतली हवा. हसू नका. मऊ टायर रस्त्याला जास्त चिकटतो, आणि नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा काटा किती खरा बोलतो हे त्यालाही ठाऊक नसतं. हौसेने टाकलेले रुंद टायर आणि बाहेर फाकलेल्या रिम हा त्याचाच मोठा भाऊ. चाक किंगपिनच्या, म्हणजे ते ज्या खुंटीभोवती वळतं तिच्या, रेषेपासून जितकं बाहेर जाईल, तितकं ते फिरवायला जोर लागतो. (शिवाय नोंदणीपत्रातला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीशिवाय करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. जुन्या गाडीची पंधरा वर्षांनंतरची नोंदणी करताना हे आठवतं, पण उशिरा.)

दुसरी गोष्ट फोरव्हीलवाल्यांची खास. या जुन्या जीपांत पुढच्या आणि मागच्या आसामध्ये डिफरेन्शियल नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात चाकं घसरून तो फरक भागवून घेतात. डांबरावर घसरायला जागा नसते, मग सगळी यंत्रणा पिळलेल्या दोरीसारखी ताठ होते आणि तो पीळ स्टेअरिंगवर येतो. पावसाळ्यात शेतातून बाहेर पडायला फोरव्हील टाकलं आणि लिव्हर मागे घ्यायला विसरलं, की डांबरी रस्त्यावर गाडी अडून बसल्यासारखी वळते. कधी लिव्हर मागे येते, पण गियर पिळात अडकून आत तसाच राहतो. अशा वेळी गाडी चार हात मागे-पुढे करायची, नाहीतर पुढची चाकं मातीत उतरवायची, पीळ सुटतो. मी एका मित्राला या एका कारणासाठी किंगपिन बदलण्यापासून वाचवलंय. त्याने चहा पाजला.

आता गाडी उचलू. पुढचा आस जॅकवर घेऊन खाली घोड्या लावायच्या, मागच्या चाकांना दगड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणारा माणूस शहाणा नव्हे. दोन्ही चाकं अधांतरी झाली की स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. हलकं फिरलं, तर दोष बहुधा टायरांत, हवेत किंवा चाकांच्या कोनांत. जड फिरलं, तर सांध्यांत. माझं जडच होतं.

इथे मामाचा पट्टा उतरवायचा. स्टेअरिंग बॉक्सच्या ड्रॉप आर्मपासून चाकांकडे जाणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, सोडवायचा. आता वर स्टेअरिंग आणि बॉक्स, खाली चाकं आणि सांधे, अशी वाटणी झाली. दोन्हीकडे वेगवेगळा हात लावून बघायचा.

माझ्या गाडीत वरचा भाग मध्यावर सुरळीत फिरत होता आणि दोन्ही टोकांकडे आवळत होता. मामाने मला विचारलं, "हा स्क्रू कोणी पिळला?" मग मला आठवलं. गाडी घेतली तेव्हा स्टेअरिंगमध्ये चांगला चार बोटं प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, होता. रस्त्याकडेच्या एका गॅरेजात उस्तादने बॉक्सवरच्या स्क्रूला दोन फेरे दिले आणि म्हणाला, "ढीला था, टाइट कर दिया." प्ले गेला. मी खूश झालो. पुढच्याच आठवड्यापासून खांदे दुखायला लागले.

त्याचं कारण असं. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून बॉक्समधला वर्म किंवा कॅम मध्यावरच झिजतो. कडेचे भाग जवळजवळ नव्यासारखे राहतात. मध्यातला सगळा प्ले स्क्रूने काढायला गेलं, की न झिजलेल्या कडांवर रोलर किंवा पिन दाबून बसते. म्हणजे सरळ जाताना ठीक आणि वळताना जड, शिवाय वळल्यावर स्टेअरिंग परत येत नाही, जे घाटात जिवावर बेतू शकतं. जुन्या बॉक्समध्ये मध्यावर थोडा प्ले ठेवावाच लागतो. तो सहन होण्याच्या पलीकडे गेला, तर बॉक्स खोलून आतले भाग बदलायचे. स्क्रू हा औषध नव्हे, आणि प्ले बहुतेक वेळा बॉक्सपेक्षा चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या बॉल जॉइंटांमध्ये असतो. हे बघायलाही सोपं: एकाने स्टेअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून कुठला सांधा नुसताच हलतो ते बघायचं. स्क्रू अर्धा फेरा मागे घेऊन मामाने बॉक्समधलं तेल तपासलं. तेल नव्हतंच. आत ग्रीस ठासलं होतं. गळणारं सील बदलण्याऐवजी केलेली ही युक्ती. ग्रीस एकदा बाजूला सरलं की परत वाहून येत नाही, आणि दाते कोरडे घासतात. आम्ही ते धुऊन काढलं, सील टाकलं, नव्वद नंबरचं तेल भरलं.

बॉक्समध्ये काही नसेल तर स्टेअरिंगचा कॉलम बघायचा. आपल्या दमट हवेत जुन्या जीपची बॉडी गंजते, वेल्डिंग होतं, डॅशबोर्ड दोन सूत इकडचा तिकडे बसतो. कॉलमचा ब्रॅकेट मात्र जुन्याच भोकात कसला जातो. मग कॉलम धनुष्यासारखा ताणला जातो आणि आतला दांडा घासतो. ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून स्टेअरिंग फिरवायचं. हलकं झालं तर चोर सापडला.

खालच्या भागात आमच्या गाडीचं मुख्य दुखणं निघालं. एकेक चाक हाताने वळवून बघितलं. उजवं सरळ वळलं. डावं वळताना हाताला खडखड जाणवत होती, खवल्याखवल्यांवरून घसरत गेल्यासारखी. या जीपांचं चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन टेपर रोलर बेअरिंगांवर किंगपिनभोवती फिरतं. त्यांचा आवळ वरच्या झाकणाखालच्या पातळ शिमांनी ठरतो. शिम काढली की आवळ वाढतो. सील फाटून पाणी आत गेलं, ग्रीस सुकलं, की रोलर एकाच जागी धक्के खात राहून बेअरिंगच्या वाटीत खळगे पाडतात. भिवंडी-वाडा रस्त्यावरून ये-जा करणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे वेगळं सांगायला नको. काही जण स्टेअरिंग थरथरतं म्हणून शिमा काढत जातात. थरथर जाते आणि जडपण येतं.

आवळ किती हे मोजायला मामाने रद्दीवाल्याचा हुकाचा काटा आणला. ड्रॅग लिंक, टाय रॉड सुटलेले, चाक काढलेलं. हुक नकलच्या, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या सांध्याच्या, आर्मला अडकवून ओढायचं आणि वळायला लागताना काटा काय दाखवतो ते बघायचं. गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं, दोन्ही बाजू आपसात ताडायच्या. डावीकडचा आकडा उजव्याच्या दुपटीहून जास्त होता. डावीकडची दोन्ही बेअरिंगं आणि सील बदलली, शिमा एकेक करून जमवल्या.

विलीज घडणीच्या जुन्या जीपांत मधोमध एक बेल क्रँक असतो, ड्रॅग लिंकचा जोर दोन्ही टाय रॉडांकडे वाटणारा. त्याची पिन ग्रीस विसरली की गंजून धरते आणि दोन्ही चाकं निर्दोष असूनही स्टेअरिंग जड राहतं. आमची पिन खाल्लेली होती आणि तिचा भाग बाजारात मिळेना. इथे भिवंडी कामाला आली. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचं विणकाम इकडे वळलं आणि गिरण्यांनी टाकून दिलेले मागही इकडे आले. त्या म्हाताऱ्या मागांना जगवायला गल्लोगल्ली लेथवाले आहेत. मागाच्या बुशाचं माप हातावर घेणाऱ्याला जीपचा बुश काय परका! मामाने जुनी पिन फडक्यात गुंडाळून नेली आणि संध्याकाळी नवी पिन नि गनमेटलचा बुश घेऊन आला. ग्रीस जायला खाचही पाडून आणली होती.

शेवटी कोन. विलीजच्या पुस्तकात कॅस्टर (किंगपिनचा मागचा कल) ३ अंश, कँबर (चाकाचा बाहेरचा कल) दीड अंश आणि टो-इन (चाकांची पुढून आत झुकण) साधारण १ ते २.५ मिलिमीटर सांगितलाय. कॅस्टर वाढला तर स्टेअरिंग जड होतं, कमी झाला तर हलकं होतं पण गाडी रस्ताभर हिंडते. गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॅकल टाकले, पाटे वाढवले, की आसाचा कल बदलून हा कोन बिघडतो. टो-इन घरीही मोजता येतो: टायरवर खडूची रेघ, एक सरळ पट्टी आणि मोजायला शांत माणूस. आमच्याकडे शांत माणूस मामाच होता.

कॅसल नटांना नव्या स्प्लिट पिना टाकल्या, ग्रीस गन घेऊन एकेक निपल भरला, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. एका निपलवर कापसाचे तंतू चिकटून नमदा झाला होता. आमच्या गावात हवेतही सूत असतं. मग मामा ड्रायव्हरच्या जागी बसला, जी त्याची कधीच नव्हती, आणि अंगणात गाडी एका हाताने पूर्ण वळवून दाखवली. दुसऱ्या हातात विडी होती. उतरल्यावर तो उजव्या चाकापाशी बसला, टायर धरून हलवला आणि म्हणाला, "याचं पन वरीसभरात करून घे."