वाणात लुटलेली बाग

सुट्टी म्हटली की माझ्या नोकरीवाल्या मैत्रिणी गोव्याची नाहीतर केरळची तिकिटं काढतात. मी जानेवारीत पुण्याहून रात्रीची गाडी पकडली आणि चक्क आठवडाभर नागपूरला, आईकडे जाऊन राहिले. कारण काही फार रोमँटिक नव्हतं. लक्ष्मीनगरातलं आमचं घर रीडेव्हलपमेंटला जातंय. मार्चअखेर भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट व्हायचं. तिसरा मजला, बाल्कनी दोन खुर्च्यांची. आणि आईच्या कुंड्या त्रेसष्ट! मी मोजल्या. शिवाय अंगणातलं संत्र्याचं झाड.

"एवढ्या कुंड्यांचं काय करणार गं?"

"वाण," आई म्हणाली. "दरवर्षी प्लॅस्टिकचे डबेच लुटायचे का?"

मग काय, संक्रांतीपासून घरात नुसता राबता. आत्या वर्ध्याहून आली, काकू मानेवाड्याहून. गळ्याला मफलर घट्ट गुंडाळून, कारण नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी असली तरी पतंगांच्या दिवसांत नागपुरात स्कूटर चालवायची म्हणजे गळा सांभाळूनच. गच्च्यांवरून 'ओ काट'चा आरडाओरडा, अंगणात हळदी-कुंकू, तिळगूळ आणि गरमागरम सांबारवडी. (पुणेकरांनो, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. इडलीबरोबरचा नाही.) मोगरा आत्याकडे गेला, कढीपत्ता शेजारच्या काकूंकडे. प्रत्येक कुंडीबरोबर आईचं पाच मिनिटांचं लेक्चर फ्री. एका बाईंना मात्र तिने नुसता तिळगूळ दिला. मागच्या वर्षी दिलेली जास्वंद त्यांनी वाळवली होती म्हणे. आई असल्या गोष्टी विसरत नाही.

सकाळी मी तर्री-पोहे घेऊन यायची आणि आम्ही दोघी झाडाखाली उन्हात बसून खायचो. कोपऱ्यात रिकाम्या कुंड्यांच्या खाली राहिलेले ओले गोल रोज वाढत होते. झाडाचा विषय दोघीही काढत नव्हतो. बाबांनी ते माझ्या जन्माच्या वर्षी लावलं. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. झाडावर मृग बहाराची फळं होती, अजून पोपटी. मार्चपर्यंत तयार होतील. म्हणजे शेवटची तोडणी आमच्याच हातची, एवढं तरी नशीब.

चौथ्या दिवशी काटोलहून मामा आला. त्याची संत्र्याची बाग आहे. पिशवीत जंभेरीची तीन रोपं, पेन्सिलीएवढ्या जाडीची.

"झाड काही हलत नाही ताई," तो म्हणाला. "पण डोळा नेता येते ना!"

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला हे मला क्विझसाठी पाठ होतं. पण संत्र्याचं झाड खाली जंभेरी आणि वर संत्रं असं जोडलेलं असतं, हे इतकी वर्षं त्याच्या सावलीत बसूनही मला ठाऊक नव्हतं. लाज वाटली थोडी. मामाने फांदी निवडली, चाकूने सालीसकट एक डोळा अलगद उचलला. रोपाच्या सालीवर, मातीपासून वीतभर उंच, इंग्रजी 'टी'सारखी चीर. डोळा आत सरकवला, वर प्लॅस्टिकची पट्टी. दोन मिनिटांचं काम.

"इतकं उंच काहून?" आईने विचारलं.

"जोड मातीला टेकला की डिंक्या लागते. अन् जोडाच्या खालून फूट आली की लगेच मोडजो. ते जंभेरी आहे, संत्रं नाही."

बी का नाही लावायची, हा माझा शहाणा प्रश्न. बीच्या झाडाला फळ धरायला फार वर्षं लागतात, कलम चार-पाच वर्षांत येतं, असं तो म्हणाला. आईचं वय आता अडुसष्ट. तिघांपैकी कोणीच हिशोब बोलून दाखवला नाही. मामाने चाकू पुसला आणि चहा मागितला.

दुसरा डोळा मला बांधायला दिला. माझी पट्टी सैल झाली, मामाने सोडून पुन्हा बांधली.

निघताना उरल्या होत्या अकरा कुंड्या: तुळस, गवती चहा, ओवा, बाकी किरकोळ. त्या बाल्कनीत मावतील म्हणे. मला वाटत नाही.

तीन आठवड्यांनी आईचा फोटो आला. मामाने सांगितल्याप्रमाणे तिने पट्ट्या सोडल्या होत्या. दोन डोळे काळे पडलेले, एक हिरवा. मी बांधलेला कोणता, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खाली मेसेज होता: 'त्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन किती वाजता येतं, ब्रोकरला विचार. आणि एक मोठा ड्रम बघून ठेव.'