कॉब घोड्याची दुडकी

वेल्स प्रांतातील कॉब घोडा उंचीने बेताचाच. साडेचार फुटांहून थोडा वर असतो. परंतु त्याची पाठ इतकी रुंद की, सडपातळ घोड्याची सवय असलेल्या स्वारास आपण पाटावर मांड्या फाकून बसलो आहोत असे वाटते. पहिल्या दिवशी मांड्या भरून येतात, यात नवल नाही.

खरी कसोटी दुडकीत लागते. या चालीत घोड्याचा एक पुढचा पाय व त्याच्या तिरकस बाजूचा मागचा पाय एकदम पडतात, मग उरलेली जोडी पडते. कॉब गुडघे उंच उचलतो व मागील पायांनी जोराने रेटतो. म्हणून प्रत्येक ठोका स्वाराच्या कण्यास जाणवतो. नवशिका घाबरून लगामास लोंबकळतो, आणि त्याच्या भीतीचा दंड मुक्या जनावराच्या तोंडास भोगावा लागतो. हा अपराध आमच्याही हातून घडला आहे.

एका ठोक्यास घोडाच आपणास वर उचलतो. तेवढेच उठावे आणि दुसऱ्या ठोक्यास खोगिरावर हलकेच टेकावे. रिकिबीत पाय रोवून उडी मारू नये. डावीकडे वर्तुळात फिरताना घोड्याचा उजवा खांदा पुढे जाईल तेव्हा उठावे. लांबच्या रस्त्यावर मधूनमधून एक ठोका अधिक बसून पाळी पालटावी, नाहीतर पाठीच्या एकाच अंगास शीण येतो. घोडा मान मोकळी सोडून चालू लागला, म्हणजे मांड जमली असे समजावे.