मत्स्यपेटीची गाळणी आणि ऊब



कामगार संघटनेत जन्म काढलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत रंगीत माशांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु विषय आम्हांला परका नाही. ज्याला आपण फिश टँक म्हणतो ती काचेची मत्स्यपेटी आज आपल्या गावांतील दुकानांत, दवाखान्यांत आणि साध्या दोन खोल्यांच्या घरांतही दिसते. तिच्यातला जीव चार भिंतींत कोंडलेला असतो. त्याला घाण झाली म्हणून दुसरीकडे जाता येत नाही, आणि थंडी वाजली म्हणून उन्हात बसता येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात बाराव्या कलमाचा विषय टाकाऊ पदार्थांची विल्हेवाट हा होता आणि तेराव्याचा खेळती हवा व तापमान हा. मत्स्यपेटीच्या बाबतीत पहिले काम गाळणी करते, म्हणजे फिल्टर. दुसऱ्यासाठी हीटर असतो. ज्याने कोंडले त्यानेच ही व्यवस्था केली पाहिजे, एवढा न्याय दोन्हीकडे सारखाच आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. धाराशिव जिल्ह्यात गाळणी बारा महिने आणि चोवीस तास लागते. हीटर लागतो तो हिवाळ्यातल्या रात्रींपुरता. आणि या दोन्ही वस्तू निवडताना वीज गेल्यावर काय होईल, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

गाळणी काय गाळते?

पाण्यातला कचरा अडवणे हे गाळणीचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ते तिचे दुय्यम काम होय. मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाणी आरशासारखे नितळ दिसत असताना त्यातला अमोनिया माशाला मारू शकतो. हे विष नाहीसे करतात ते सूक्ष्म जंतू. त्यांची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. नायट्राइटही घातकच असते, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पुढचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते मात्र बेताच्या प्रमाणात मासा सहन करतो.

ही गोष्ट जिवंत जंतू करतात, हे १८७७ साली श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून त्यांनी सांडपाणी संथपणे सोडले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच फरक पडला नाही. त्यानंतर अमोनिया जाऊन नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते काम बंद पडले. काम करणारा जिवंत होता म्हणूनच तो बेशुद्ध झाला! आपल्या मत्स्यपेटीतली गाळणी म्हणजे त्या नळीचीच धाकटी बहीण आहे.

यातून तीन नियम आपोआप निघतात. पहिला, नवी गाळणी लावली की त्याच दिवशी मासे सोडू नयेत. जंतूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात गाळणी चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जंतूंना अन्न मिळते. ओळखीच्या घरची निरोगी, चालती मत्स्यपेटी असेल तर तिच्या गाळणीतला स्पंजाचा तुकडा आणून आपल्या गाळणीत ठेवावा. जामणाने दही लागते तशी वस्ती लवकर लागते. दुसरा, स्पंज नळाखाली खसाखसा धुऊ नये. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो. पेटीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोनदा पिळावा, तेवढे पुरे. तिसरा, गाळणीतला सगळा माल एकदम बदलू नये. नव्या मालाबरोबर सारी वस्ती पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. ज्याचे काम डोळ्यांना दिसत नाही त्याची गणना होत नाही, हा अनुभव आम्हांला गाव झाडणाऱ्या माणसांच्या बाबतीत आला आहे. इथेही तसेच आहे.

कोणती गाळणी घ्यावी?

बाजारात मुख्यतः चार तऱ्हा मिळतात. स्पंजाची गाळणी हवेच्या छोट्या पंपावर चालते. पाण्यात बुडवून ठेवायच्या गाळणीला स्वतःची मोटर असते. तिसरी पेटीच्या काठावर मागे टांगतात. चौथी डब्याची असते. ती पेटीखाली ठेवतात आणि नळ्यांनी पाणी फिरवतात. डब्याच्या गाळणीत माल पुष्कळ मावतो, म्हणून मोठ्या पेटीला ती उत्तम.

आकाराचा हिशेब सोपा आहे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा पेटीत ५४ लिटर पाणी मावते. तळची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर धरावे. मोटरच्या गाळणीने तासाला सुमारे चार वेळा सगळे पाणी फिरवावे, म्हणजे इथे १८० ते २०० लिटर. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा रिकाम्या गाळणीचा असतो. स्पंज भरल्यावर आणि तो मळल्यावर प्रवाह कमी होतो, म्हणून थोडा मोठा आकडा घ्यावा.

परंतु आपल्याकडे वीज जाते. वीज गेली की डब्याच्या बंद गाळणीतले पाणी जागीच थांबते, काही तासांत त्यातला प्राणवायू संपतो आणि जंतू गुदमरून मरू लागतात. वीज आल्यावर तेच कुजके पाणी माशांच्या अंगावर येते. अशी गाळणी बराच वेळ बंद राहिली तर ती उघडून, माल पेटीतल्या पाण्यात पिळूनच पुन्हा सुरू करावी. स्पंजाच्या गाळणीला हे भय कमी, कारण ती पेटीतल्या उघड्या पाण्यातच उभी असते. तिचा पंप तीन ते पाच वॅटचा असतो. पाच वॅट धरले तरी महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास वीज लागते. बॅटरीवर चालणारा पंपही मिळतो. म्हणून दीडदोन फुटांच्या पेटीसाठी आम्ही निःशंकपणे स्पंजाची गाळणीच सुचवतो. पंप मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, किंवा नळीत पाणी उलटे न येऊ देणारी झडप बसवावी; नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून उलटे उतरून पंपात आणि जमिनीवर येते.

गाळणीचा आणखी एक उपकार आहे. ती पाण्याचा पृष्ठभाग हलवते. नळदुर्गच्या पाणी महालावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळताना पाण्याचा कसा फेस होतो, हे आपण पावसाळ्यात पाहिले असेल. पाणी असे फुटले की हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. गाळणीवाचून काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवणे म्हणजे या दोन्ही सोयींपासून त्याला वंचित करणे होय.

हीटर : किती आणि केव्हा?

माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितके गरम तितकाच तो गरम. बाजारात मिळणारे बहुतेक रंगीत मासे उष्ण प्रदेशातले असून त्यांना २४ ते २७ अंश सेल्सियस मानवते. आपला जिल्हा बालाघाटच्या पठारावर आहे. पौषात दुपारी ऊन चटका देते आणि पहाटे हुडहुडी भरते. माशाला गारठ्याइतकाच हा चढउतार बाधतो. तो अशक्त होतो, आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके पाडणारा रोग अशा वेळी गाठतो.

तेव्हा आधी हीटर विकत न घेता तापमापक घ्यावा. थंडीत आठवडाभर पहाटे खोलीचे तापमान लिहून ठेवावे. खोली १६ अंशांवर उतरत असेल आणि पाणी २५ ला हवे असेल, तर फरक नऊ अंशांचा. एवढ्या फरकाला लिटरमागे सुमारे एक वॅट पुरतो. म्हणजे आपल्या ४५ लिटरना ५० वॅटचा हीटर. फरक चार-पाच अंशांचाच असेल तर निम्मी शक्ती पुरे. ४५ लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ५२ वॅट-तास लागतात, म्हणून ५० वॅटचा हीटर पाणी सावकाश, तासाला अंशभरापेक्षा कमीच चढवतो. हेच माशाला हितकर. दीडशे वॅटचा हीटर घेतला आणि त्याचा स्वयंचलित खटका चिकटून बसला, तर सकाळी मासे शिजलेले सापडतील. मोठ्या पेटीला एकाऐवजी दोन लहान हीटर लावावेत. एक बिघडला तरी अनर्थ होत नाही. गोल्डफिश ठेवणाऱ्याला तर घरात सहसा हीटर लागतच नाही, कारण तो थंड पाण्यातला मासा आहे.

हीटर गाळणीच्या प्रवाहाजवळ, पूर्ण बुडेल असा बसवावा. पेटीत हात घालण्यापूर्वी आणि पाणी बदलण्यापूर्वी त्याची पिन काढावी व दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तापलेली काच उघडी पडली तर तडकते. वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटात जाणार नाही. अर्थिंग नसलेल्या सॉकेटला हीटर लावूच नये. घरात लहान मुले असतात, हे विसरता कामा नये.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. पाणी जितके तापते तितका प्राणवायू कमी आणि माशाची गरज मात्र जास्त. म्हणून चैत्र-वैशाखात हीटर काढून ठेवावा, पेटीचे झाकण उघडून वर जाळी घालावी, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा, खाद्य कमी करावे. माठ ज्या कारणाने गार होतो त्याच कारणाने पेटीही दोन-तीन अंशांनी उतरते.

पाण्याचा हिशेब

शेवटी एक अवघड गोष्ट. गाळणी नायट्रेट काढीत नाही. त्यासाठी आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदलावेच लागते. नळाचे पाणी चोवीस तास उघडे ठेवले की त्यातला मोकळा क्लोरीन उडून जातो. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हे दहा लिटर फुकट जाता कामा नयेत. ते तुळशीला, कुंड्यांना घालावेत. नायट्रेट हे झाडांचे खतच आहे. उन्हाळ्यात तेवढेही पाणी काढता येणार नसेल तर मासे कमी ठेवावेत. पाणीच नसेल तर मत्स्यपेटी ठेवू नये. हौस ही जीवापेक्षा मोठी नाही.

खरेदीचा क्रम असा धरावा : आधी पेटी, मग गाळणी, मग महिना-दीड महिन्याचा धीर, त्यानंतर तापमापक, गरज दिसली तर हीटर, आणि सर्वांत शेवटी मासे, तेही दोन-तीनच. दुकानात बहुधा मासे आधी दाखवतात. आपण मात्र या क्रमाने गेलो, तर खर्चही कमी येईल आणि घरी आणलेला जीव जगेल.